आधी डावा पाय

परांजपेकाकांनी माझी नोकरी वाचवली, हे पहिल्यांदा सांगून टाकतो. काय झालं ते मग.

मी कोथरूडच्या एका सोसायटीत वॉचमन आहे. मूळचा भंडाऱ्याकडचा. शाळा नववीत सुटली. जिन्याखालची खोली नोकरीबरोबर मिळाली आहे, म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेलं. त्यामुळे कोणी मोठ्याने हाक मारली तरी मी आधी सॉरी म्हणतो, मग काम विचारतो.

काका दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. सत्तरी ओलांडलेली. नव्या माणसाला ते नाव विचारत नाहीत. "पडताना कुठल्या बाजूला पडता?" असं विचारतात. मलाही पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हणालो, सॉरी.

सोसायटीतल्या आयटीवाल्यांना सायकलचं वेड. त्यांचे बूटही निराळे. तळाला क्लीट नावाचा तुकडा असतो, तो पॅडलमध्ये खटकन अडकतो आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो. कोणती पॅडलं घ्यावीत हे विचारायला सगळे काकांकडे येत आणि अपमान करून घेऊन जात. रेसवाल्यांची मोठी प्लास्टिकची क्लीट दाखवली की काका विचारत, "हे घालून वाण्याकडे जाता येईल? नाही ना? मग हे बूट नव्हेत, दागिने आहेत." त्यांच्या मते क्लीट घ्यावी ती छोटी, लोखंडी, तळव्यात बुडालेली, आणि तिला पकडून ठेवणारी पॅडलची स्प्रिंग अगदी सैल ठेवावी. "अडकायला कोणालाही येतं. सुटता येतं का, ते सांगा." मग त्या माणसाला भिंतीला धरून सायकलवर बसवायचे आणि पुन्हा पुन्हा पाय सोडवायला लावायचे. "आधी डावा. उजवीकडे तुमचे तीर्थरूप ट्रक घेऊन उभे आहेत."

तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीसाहेबांनी ऐकलं नाही. मोठी क्लीट घेतली, स्प्रिंगा आवळून घेतल्या. एका रविवारी कात्रजच्या घाटात उभं राहून जोर मारताना त्यांचा पाय पॅडलमधून निसटला. हनुवटीला टाके पडले. घरी येऊन बघतात तर दोन्ही स्प्रिंगा सैल. त्यांनी चेअरमनना पार्किंगमध्येच बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सायकलींजवळ दिवसभर दुसरं असतं कोण?

कोणी केलं ते मला माहीत होतं. दुपारी सोसायटी झोपली की काका स्क्रू पिळायची किल्ली घेऊन सायकलींपाशी उकिडवे बसलेले मी पाहिले होते. पण मला ताप आला होता तेव्हा याच माणसाने "नाटकं करू नकोस, गीळ" म्हणत मऊ भात आणून दिला होता. मी गप्प राहिलो. चेअरमन म्हणाले, संध्याकाळपर्यंत खोली मोकळी कर. मी म्हणालो, सॉरी.

तेवढ्यात काका जिना उतरून आले. हातात तीच किल्ली.

"त्याला काय विचारता? मी सैल केल्या. सगळ्यांच्याच करतो."

"अहो काका, मी मेलो असतो," कुलकर्णीसाहेब म्हणाले.

"सैल असली की हनुवटी फुटते. आमच्या मुलाचा, निखिलचा, पाय सुटलाच नाही. कात्रजच्या सिग्नलला. उजवीकडे पडला. मागून टेम्पो होता." काका किल्लीकडे बघत राहिले. "पॅडलं मी निवडली होती. स्प्रिंग मी आवळली होती. घट्ट असली की जोर चांगला लागतो, असं मीच सांगायचो त्याला."

कुलकर्णीसाहेबांनी हनुवटीची पट्टी उगाच चाचपली. चेअरमन म्हणाले, मीटिंगमध्ये बघू.

माझी खोली राहिली. काकांना मात्र सायकलींपाशी फिरकायला बंदी झाली. आता त्यांना काही विचारायला कोणी येत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला वर बोलावलं. हॉलच्या भिंतीवर निखिलदादांची सायकल टांगलेली, पॅडलं काढलेली. ती त्यांनी मला उतरवायला लावली, तिला साधी चपटी पॅडलं बसवली आणि म्हणाले, "चप्पल घालून चालव. कशात काही अडकवू नकोस." मी बसलो. त्यांनी मागून सीट धरली, ती बराच वेळ सोडलीच नाही.

काका त्या सिग्नलवरून अजून जात नाहीत. रिक्षावाल्याशी भांडून लांबचा रस्ता घेतात. त्यांचे उपकार मी कधी ना कधी फेडणार आहे. एक दिवस त्यांना रिक्षात बसवून तिथे नेईन, मी पुढे सायकलवर. लाल दिवा लागला की थांबेन आणि आधी डावा पाय टेकवीन. त्यांना दिसेल असा.