चव्वेचाळीस फोटोंची गाडी

मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर घेताना आधी तोंडानं ‘टिंग टिंग’ असा आवाज काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या शेजारी राहतो. नाव सिद्रामप्पा. एकतीस वर्षं एसटीच्या लाल डब्यात कंडक्टर होते, त्यातली बावीस सोलापूर-अक्कलकोट या एकाच रस्त्यावर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण गाडीतून ते अजून काही उतरलेले नाहीत.

काकांचा नियम असा, की एका वेळी चव्वेचाळीसच फोटो न्यायचे. चाळीस नाही, पन्नास नाही. “गाडीत शिटा किती असत्यात बाई? चव्वेचाळीस. मग?” या ‘मग’वर त्यांचा युक्तिवाद संपतो. फोनला वायर जोडली, की ते एकेक करून चव्वेचाळीस फोटो निवडतात. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकानं स्क्रीनवर टकटक करत डोकी मोजतात. मग ‘टिंग टिंग’, आणि गाडी सुटते. फोटो जात असताना ती हिरवी पट्टी पुढे सरकते ना, तेवढा वेळ ते खुर्चीत बसत नाहीत. एका हातानं कपाटाची कड धरून उभे राहतात. मी एकदा म्हटलं, “काका, बसा की.” तर म्हणाले, “चालत्या गाडीत डोकी मोजायची सोडून कंडक्टर बसतोय व्हय?” पट्टी भरली की पलीकडे पुन्हा मोजणी. चव्वेचाळीस भरले की एक कानडी शब्द येतो, ‘आय्तु!’ म्हणजे झालं, पोचले सगळे.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. काकांच्या पुण्यातल्या मुलानं स्वतःला नवा घेतल्यावर जुना कॉम्प्युटर काकांकडे पाठवून दिला, तेव्हा वायर कुठे खुपसायची ते मीच दाखवलं. दोन मिनिटांचं काम म्हणून गेले आणि दोन तास अडकले. मी म्हटलं, “कॉपी करा काका, म्हणजे फोटो फोनमध्येही राहतील.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला शाळेतून काढून टाकावं असं त्यांना वाटत असणार.

“गाडीत बसलेलं माणूस ष्टँडवर पन दिसतंय का कधी? भूत हाय का ते?”

म्हणजे कॉपी नाही, कट. मी समजावलं, की मधेच वायर निघाली तर फोटो इकडेही नाहीत आणि तिकडेही नाहीत असं होईल. काका छाती काढून म्हणाले, “बावीस वर्षांत माजं एक पॅसेंजर हरवलं न्हाय.” मी हात टेकले. त्या सगळ्या यंत्रात त्यांना मनापासून आवडलेली गोष्ट एकच. शेवटी कॉम्प्युटर सांगतो ना, की आता वायर काढायला हरकत नाही, ते. काका त्याला मान लववून ‘बरं’ म्हणतात. वर मला विचारतात, “किती अदबीनं सांगतंय बघा. तुमची पोरं बोलत्यात का असं तुमच्याशी?”

आता एवढ्या थाटामाटात जे फोटो यायचे ते कसले, हे ऐका. रस्त्याचे. देवाचा नाही, लग्नाचा नाही, नातवाचा नाही. डांबर, दुभाजक, कडेची बाभळ, पुन्हा डांबर. दिवाळीपासून हा माणूस रोज सकाळी लाल प्लॅस्टिकचं स्टूल काखोटीला मारून पहिल्या गाडीनं निघायचा आणि दुपारी भाजून निघालेल्या तोंडानं परत यायचा. काकू दारात शेंगा निवडत बसलेल्या असायच्या. “आलं बघा माजं इंजिनेर,” म्हणायच्या, “डांबर काढून आलं.” गल्लीत नाना तर्क चालायचे. रस्ता चौपदरी करताना झाडं तोडली त्याबद्दल काका केस ठोकणार आहेत, हा त्यातला सगळ्यात शहाणा तर्क. मी स्वतः विचारलं तर “काम हाय” एवढंच उत्तर. कंडक्टर माणूस, पुढचं स्टॉप आल्याशिवाय नाव घ्यायचा नाही.

एका गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. कॉम्प्युटर धापा टाकत होता. “जरा बघा की, मी दूध घिऊन येतो,” म्हणून काका गेले आणि मी एकटीच त्या यंत्रापुढे बसले. मला नीटनेटकेपणाचा रोग आहे. माझ्या वर्गातल्या मुलांनी एकाच चित्राच्या दोन प्रती ठेवल्या तरी मी त्यांचे कान उपटते. आणि इथे तर रस्त्याचे जवळजवळ चारशे फोटो. उघडून पाहिले तर एका ठिकाणी ओळीनं एकोणतीस फोटो वरवर पाहता अगदी एकसारखे. तीच साइडपट्टी, तेच उसाचं शेत, तोच खांब थोडा मोठा, मग आणखी थोडा मोठा. मी ते सगळे निवडले आणि दोन बटणं एकदम दाबून कायमचे घालवले. कचऱ्याच्या डब्यातसुद्धा ठेवले नाहीत. काका दूध घेऊन आले तेव्हा मी सांगितलंही, “केला बघा मोकळा.” त्यांनी मला चहा पाजला.

शुक्रवारी मी शाळेतून आले तर काका माझ्या दाराशी उभे.

“बाई, एकोणतीस पॅसेंजर कमी हायत.”

मी हसून सांगायला लागले, की ते सगळे सारखेच होते, जागा उगाच अडली होती. बोलता बोलता त्यांचा चेहरा पाहिला आणि थांबले. काका माझ्या पायरीवर बसले. रागावले नाहीत, हेच मला सहन होईना. म्हणाले, “वळसंगच्या पुडचा तुकडा व्हता तो. आज गाडी पैल्यांदा अक्कलकोटला पोचणार व्हती.”

मला येत होते तेवढे सगळे उपाय मी त्यांच्याकडे जाऊन करून पाहिले. एकही फोटो परत आला नाही. मी खटपट करत होते आणि माझ्यामागे उभे राहून काका पहिल्यांदाच सगळं सांगत होते.

बावीस वर्षं त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर एकच, गनीभाई. हे मागे, तो पुढे. जेवणाचा डबा दोघांचा एक. निवृत्तही दोघं एकाच साली झाले. पुढे साखरेनं गनीभाईंच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले. डावा डोळा गेला. उजव्यानं थोडं दिसतं, तेही वस्तू मोठी असली तर. डॉक्टरांनी सांगितलं, हाही वर्षभर राहील असं धरू नका. दिवाळीला फराळाला आले तेव्हा गनीभाई म्हणाले होते, सिद्राम, डोळा जायच्या आत एकदा अक्कलकोटची गाडी मारायची होती रे.

“मग बसनं घेऊन जायचं ना त्यांना?” मी विचारलं.

“नेलं की. खिडकीतनं समदं पळतंय बाई. त्याचा डोळा झाडापतुर जाईस्तवर झाड गेलेलं असतंय. फोटो थांबतोय. त्याचं बघून व्हईस्तवर गप उभा राहतोय.”

फोनवर गनीभाईंना दिसेना, म्हणून कॉम्प्युटर. आणि स्टूल? “ड्रायवर उंचावरनं बघतोय. मी हितनं काढला तर तो रस्ता माजा व्हईल, गनीचा कसा व्हईल?” म्हणून हा सत्तरीला टेकलेला माणूस सहा महिने भर रस्त्याच्या कडेला, ट्रक अंगाजवळून जात असताना, स्टुलावर चढून शंभरेक पावलांवर एक फोटो काढत होता. लांब माळ लागला की थोडा विरळ, वळण आलं की दाट. जेवढा रस्ता तयार व्हायचा तेवढी गाडी दर शुक्रवारी न्यायची. कुंभारीपर्यंत, मग वळसंगपर्यंत, मग त्याच्याही पुढे. आणि मी दहावीच्या मुलांना फोटो कसे सांभाळायचे ते शिकवते. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चार वाजता गनीभाईंना त्यांच्या मुलानं स्कूटरवरून आणून सोडलं. उंच, ताठ, पांढरीशुभ्र दाढी. काकांच्या खांद्यावर हात ठेवून आत आले. काकांनी माझी ओळख करून दिली. “जीती रहो बेटी,” म्हणाले, आणि स्क्रीनपासून हातभर अंतरावर खुर्चीत बसले. चप्पल काढून दोन्ही पाय जमिनीवर नीट ठेवले. काका त्यांच्या डाव्या हाताला उभे राहिले, बोट बटणावर.

“सोड सिद्राम.”

मी काय पाहिलं ते सांगते, तुम्हाला खरं वाटो न वाटो. काका बटण दाबायचे, फोटो बदलायचा, आणि गनीभाई गाडी चालवायचे. उजवा पाय खाली जायचा, वर यायचा. डावा हात न चुकता गिअरवर. “कुंभारी आली. हितं रिक्षा आडव्या घालत्यात, हॉर्न देतो.” पुढच्याच फोटोत आडवी रिक्षा. “हौ, आता चढ. तिसरा टाकतो.” काका मागे वळून रिकाम्या खोलीला म्हणाले, “पुडं सरका, पुडं सरका.” दोघांपैकी कुणीही हसत नव्हतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या राहिल्या होत्या, त्याही हसत नव्हत्या. चारशे निर्जीव फोटो मी काल माऊस फिरवून पाहिले होते. आज त्यांतून खरोखरची गाडी चालली होती, आणि वळणावर मीसुद्धा भिंत धरली.

वळसंग आलं. चहाच्या हॉटेलाचा फोटो आला. मला ठाऊक होतं, की याच्यापुढचे एकोणतीस मी पुसलेत. पुढचं बटण दाबलं की गाडी एकदम दीड-दोन किलोमीटर उडी मारणार, आणि गनीभाई विचारणार, माझा रस्ता कुठं गेला? मी काकांच्या बोटाकडे पाहत होते.

काकांनी बोट बटणावरून उचललं आणि शेजारी टेबलावर टेकवलं. टक.

स्क्रीनवर हॉटेल तसंच होतं.

“ऊस लागला,” गनीभाई म्हणाले.

टक. टक. टक. काका टेबलावर बोट आपटत होते. हॉटेल जागच्या जागी. “डावीकडं विहीर. समोरनं ट्रॅक्टर दिसतोय, दाबून घेतो.” टक. “पूल आला सिद्राम. डाव्या हाताचा कठडा तुटलाय, जरा उजवीकडनं काढतो.” आणि त्यांनी खरोखर दोन्ही हातांनी उजवीकडे घेतलं. त्यांचा चेहरा स्क्रीनसमोर होता, स्क्रीनवर चहाचं हॉटेल होतं, आणि ते पूल ओलांडत होते.

मला कळलं. गनीभाईंना काहीच दिसत नव्हतं.

मी टकटक मोजली. एकोणतीस झाल्यावर काकांचं बोट पुन्हा बटणावर गेलं आणि पुढचा फोटो आला. गाडी अक्कलकोटला पोचेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते. शेवटच्या फोटोत स्टँडचं फाटक आलं तेव्हा गनीभाईंनी ब्रेक दाबला, हात खाली घेतले आणि पायानं चप्पल चाचपली. मग म्हणाले, “क्या साफ दिखता है रे तेरे डब्बे में.” काका म्हणाले, “व्हय की. मोटा हाय ना.”

मुलगा त्यांना घेऊन गेला. स्कूटर वळून दिसेनाशी झाल्यावर मी काकांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“तीन शुक्रवार झालं. एक फोटो उलटा आलता. आभाळ खाली, रस्ता वर. गनी त्याच्यावरनं सरळ गाडी घिऊन गेला.”

“मग त्यांना सांगायचं ना काका. त्यांना उगाच दिसल्यासारखं करावं लागतंय.”

काका फाटकाची कडी लावत होते. ती त्यांच्यानं लवकर लागेना.

“सांगितलं तर यायचा बंद व्हईल की त्यो. मग मी कुणासंगं जाऊ?”

रविवारी शाळेला सुट्टी होती. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी काकांबरोबर वळसंगला उतरले, आणि एकोणतीसच्या एकोणतीस फोटो आम्ही पुन्हा काढले. ते बघणारं आता कुणी नव्हतं, हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं. तरी पुलाचा फोटो काकांनी तीनदा काढला, कारण पहिल्या दोन वेळी तुटलेला कठडा नीट दिसत नव्हता.