बेल दाबली नि पंप सुरू

दमयंतीकाकूंच्या पडवीत स्टुलावर उभा राहून हर्षद शिवलकर शीळ घालत तारा ओढत होता. वय चव्वेचाळीस. रत्नागिरीतल्या एका ऑफिसात वीस वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळल्यावर गेल्या वर्षी त्यानं राजीनामा दिला, वायरमनचा कोर्स केला, परीक्षेत विशीतल्या पोरांना मागे टाकलं, आणि आज पालीला त्याचं पहिलंवहिलं स्वतंत्र काम चाललं होतं. सकाळी निघताना बायको निशिगंधा एवढंच म्हणाली होती, "जपून करा. काकू आमच्या माहेरच्या आहेत." हर्षदला ते नीट ऐकूच आलं नाही. कमरेच्या पट्ट्यात नवी पक्कड आणि नवा टेस्टर खोचून तो आरशासमोर उभा होता.

कामं दोनच. पुढच्या दाराला बेल बसवायची आणि विहिरीवरच्या पंपाचं बटण स्वयंपाकघरात आणायचं. घाई मात्र मोठी, कारण चार वाजता काकूंच्या मृणालीला बघायला पाहुणे यायचे होते.

"गेल्या खेपेचे पाहुणे दहा मिनटं कडी वाजवत उभे होते ओ," काकू म्हणाल्या. "मी मागं विहिरीवर, ही माडीवर. रागावून गेले ते गेलेच. ह्या खेपेला बेल वाजलीच पायजे."

"अशी वाजेल काकू, की बाजारात ऐकू जाईल," हर्षद म्हणाला.

बेलच्या आणि पंपाच्या तारा एकाच पाइपातून जात होत्या आणि सगळ्या लाल होत्या. पण कामाची अशी लय लागली होती की हर्षदनं भराभर टोकं जोडून टाकली. तीनला काम उरकलं. नेमकी दुपारपासून पालीची लाइट गेलेली, त्यामुळे तपासून बघायचं तेवढं राहिलं. काकूंनी दिलेला चहा पीत तो लाइटची वाट बघत बसला.

चारला पाच मिनिटं कमी असताना लाइट आली. काकूंनी स्वयंपाकघरात पंपाचं बटण दाबून पाहिलं, तोच पुढच्या खोलीत बेल पाखरासारखी चिवचिवायला लागली.

"आले," असं म्हणत काकूंनी पदर सारखा केला आणि धावत जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. बेल चिवचिवतच होती. हर्षद मात्र खुशीत होता. आवाज किती गोड आहे, हेच तो ऐकत होता.

काकू दार लावून परत आत गेल्या. "पंप काय चालू झाला नाय ओ," म्हणत त्यांनी बटण बंद केलं आणि बेल थांबली.

हर्षदच्या हातातला कप तिथंच थांबला. वीस वर्षांत ज्यानं आवकचं एक पत्र जावकात जाऊ दिलं नव्हतं, त्यानं आज बेलची तार पंपाला आणि पंपाची बेलला दिली होती.

तेवढ्यात बाहेर पाहुणे पोचले. मुलाचे वडील हरिश्चंद्र कदम पुढे झाले आणि त्यांनी बेल दाबली. आवाज नाही. त्यांनी पुन्हा, चांगली जोर देऊन दाबली. मागच्या बाजूला पंप गुरगुरला. पाहुण्यांसाठी सकाळीच काठोकाठ भरून ठेवलेली टाकी वाहायला लागली, आणि तिची जास्तीच्या पाण्याची नळी बरोबर दारातल्या पायरीवर सुटलेली होती. पहिली धार मुलावर, विनीतवर पडली. नवा शर्ट क्षणात अंगाला चिकटला. वडिलांनी बटणावरचं बोट काढलं, पण पंपाचा भार न सोसून ते बटण आतल्या आत चिकटून बसलं होतं. पाणी थांबेना.

मेन स्विच पडवीत, पाहुण्यांच्या मागे. हर्षदनं दार उघडलं, "जरा बाजूला व्हा," म्हणत धारेतून पलीकडे गेला, शर्टाच्या कोरड्या टोकाला हात पुसले आणि जवळच्या काठीनं मेन पाडला. पाणी थांबलं. सगळे एकमेकांकडे बघत निथळत उभे राहिले.

"चूक माझी आहे," हर्षद म्हणाला. "तारांची अदलाबदल झाली. काकूंचा ह्यात काही संबंध नाही, राग माझ्यावर काढा."

हरिश्चंद्ररावांनी चष्मा पुसला. वाकून बेलचं बटण पाहिलं. "म्हणजे ह्या एवढ्याशा बटणावर तुम्ही पंप चालवलात?"

"हो."

"किती वेळ टिकलं?"

"तुम्ही दाबलंत तेवढाच वेळ."

"बघू जरा तो स्क्रूड्रायव्हर," हरिश्चंद्रराव म्हणाले. एकतीस वर्षं ते अलोऱ्याला वीजघरात होते. हर्षदकडे जास्तीचं बटण होतं. दोघांनी हात कोरडे केले, टोकं सोडवली, प्रत्येक तारेला खुणेची पट्टी लावली. मग माजघराचा बोर्ड उघडला. मग माडीचा. हरिश्चंद्रराव सांगत होते आणि हर्षद शाळकरी पोरासारखा विचारत होता. तासभर दोघांना पोह्यांची शुद्ध नव्हती.

काकू आणि विनीतची आई, दोन्ही आया बोर्डाखाली टॉर्च धरून उभ्या, त्यामुळे मुलांना प्रश्न विचारायला कुणी उरलंच नाही. काकूंच्या यजमानांचा ढगळ झब्बा घालून विनीत मागच्या पायरीवर मृणालीशी बोलत बसला होता. तिकडून हसण्याचे आवाज येत होते, तेव्हा काकूंच्या जिवात जीव आला.

निघताना विनीतच्या आईनं हर्षदला बाजूला घेतलं. "दोन वर्षं झाली हे निवृत्त होऊन. घरातलं एक यंत्र धड ठेवलं नाय. आज हसताना बघितले. तुम्हाला हाताखाली माणूस लागतो का ओ?"

"अहो, ते एवढे मोठे—"

"मी स्टूल धरीन," मागून हरिश्चंद्रराव म्हणाले. "आता आम्ही रत्नागिरीतच असतो. उद्या किती वाजता निघता?"

"साडेआठला."

"मी आठला येतो."

संध्याकाळी पालीच्या नाक्यावरून हर्षदनं निशिगंधाला फोन केला. कपडे अजून ओलेच होते, पण आवाजात उत्साह मावत नव्हता.

"काम कसं झालं?" तिनं विचारलं.

"एक माणूस ठेवलाय कामाला."

"पहिल्याच दिवशी? त्याला काय येतं तरी का?"

"येतं थोडंफार," हर्षद म्हणाला. "उद्यापासून मला शिकवणार आहे."