इंजिनाचे जागी पाषाण बसविल्याची हकीकत

श्रीचक्रपाणी सर्वांची चाके चालती ठेवो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, एके दौलतीत बसक्या बांध्याचे, दोन माणसांचे, महामूर मोलाचे मोटाररथ होत असत, तेथे जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. दौलतीत रखमाजी पांचाळ म्हणून इंजिनाचे उस्ताद होते. चाळीस वर्षे एकेक इंजिन आपल्या हाताने जोडीत, आणि रथ सिद्ध जाहला की खासा बसून समोरचा घाट चढवीत, वळणावळणास कान देत, आणि सूर बरा लागला तरच उतरून शिक्का मारीत. घाट न चढता रथ गिऱ्हाइकाचे घरी गेला ऐसे कधी जाहले नाही. मग दौलतीत नीळोपंत धोरणनवीस आले. विलायतेहून विद्या करून आले होते. रथ हाकता येत नव्हता, परंतु रथांविषयी बोलता फार उत्तम येत होते, म्हणून दौलतीचे धनी श्रीमंत यांनी त्यांस उजवे हाताची खुर्ची दिली. पंतांनी गिऱ्हाइकांचे घरोघर हेर धाडिले आणि बातमी आणविली की, रथ कोणीच चालवीत नाही. संगमरवरावर उभा करितात, वर रेशमी चादर घालितात, पाहुण्यांस दाखवितात, आणि जो रथ तसूभरही चालला नाही त्यास दुप्पट मोल येते. पंतांस परम संतोष जाहला. दरबारात उभे राहून बोलिले, "श्रीमंत, उस्ताद घाट चढवितात, तेणेकरून रथाचा आकडा सात कोस दाखवितो. म्हणजे आपण नवा रथ जुना करून विकतो!" श्रीमंतांनी कपाळावर हात मारिला आणि घाटबंदीचा हुकूम जाहला.

मग मसलत पुढे धावली. मसलतीस कोठे इंजिन लागते! पंत बोलिले की, जो रथ चालवावयाचा नाही त्यात इंजिन कशास? इंजिनास तेल लागते, उस्ताद लागतो, आणि उस्तादाचा स्वभाव सोसावा लागतो. त्याचे जागी तितक्याच वजनाचा काळा पाषाण बसवावा, म्हणजे रथाची बैठक ढळणार नाही, आणि झाकणास मोहोर करावी, की मोहोर तुटली तर मोल गेले. अवघ्या दरबाराने तोंडात बोटे घातली. एवढी अक्कल एका डोक्यात मावते कशी, ऐसे जो तो म्हणू लागला. रखमाजींस मात्र राहवेना. म्हणाले, "पंत, धावायची नाही ती गाडी कसली हो? त्यापरीस देव्हारे करा, लोक निदान हात तरी जोडतील." पंत गोड हसून बोलिले, "उस्ताद, आपण फार मनाला लावून घेता," आणि पाषाण घडविण्याचे काम त्यांसच सांगितले.

त्यासमयी उस्तादांपाशी एक इंजिन जोडून तयार होते, बारा नळ्यांचे, हातचे शेवटचे. ते वितळवावे ऐसा हुकूम आला. उस्तादांचे काळीज तुटले. एकदा, फक्त एकदा, घाटात याचा आवाज ऐकावा, मग मेलो तरी चालेल, इतकीच त्यांची इच्छा. तेव्हा त्यांनी वीस रथांत पाषाण बसविले आणि एकविसाव्यात गुपचूप इंजिन बसविले आणि वर मोहोर केली. एकवीसही रथ हातोहात गेले. इंजिनाचा रथ मथुरादास शेटजींचे दिवाणखान्यात चादरीखाली गेला, आणि उस्ताद वर्षभर घाटाकडे कान लावून बसले. शेटजी कशास चालवितात!

वर्ष सरले आणि शेटजी रागाने लाल होऊन दरबारात आले. "अहो, माझ्या संगमरवरावर तेलाचा डाग! इतरांचे रथ कसे कोरडे ठणठणीत आहेत, माझ्याच कपाळी हा भिकार नग का?" पंतांनी शेटजींचे घरी जाऊन मोहोर फोडून पाहिले तो आत इंजिन! पंतांनी शेटजींचे पाय धरिले आणि इंजिन काढून पाषाण बसविण्यास रखमाजींसच धाडिले. उस्ताद पाषाण घेऊन गेले, आणि हत्यारांचे पेटीत नवी बॅटरी व पेट्रोलचा डबा घेऊन गेले. शेटजी पूजेस बसले होते. उस्तादांनी किल्ली फिरविली. काय तो आवाज! झुंबरे थरथरली, घंटा शेटजींचे हातून पडली, आणि रथ दिवाणखान्याच्या पायऱ्या उतरून सुटला तो थेट घाटास लागला. पहिल्या वळणावर सूर लागला तेव्हा उस्ताद लहान पोरासारखे रडले, आणि रडता रडताच पुढला गियर टाकिला.

परत आले तेव्हा आकडा चौदा कोस दाखवीत होता. शेटजी दुरूनच ओरडले, "चाललेला रथ! माझ्या उंबऱ्यात आणू नका!" पंतांनी त्यांस पाषाणाचा नवा रथ कबूल केला, आणि उस्तादांस म्हणाले, "हा बाटवलात, आता तुम्हीच उचला. दौलतीत पुन्हा तोंड दाखवू नका." उस्तादांनी मुजरा फार लांबविला, की हसू दिसू नये.

दुसरे दिवशी दरबार भरला असता घाटातून तो आवाज आला. श्रीमंत खुर्चीवरून उठले, खिडकीशी गेले, आणि म्हणाले, "पंत! हा कोणत्या दौलतीचा रथ? आपण ऐसे का करीत नाही?" पंतांनी खिडकी लावून घेतली.

तात्पर्य, एकवीस रथ जाहले, त्यांत वीस अमोल आहेत. ऐकिले तैसे लिहिले, लेखकाकडे बोल नाही.