ब्रिजिटबाईंचं शेवटचं वाक्य

ब्रिजिटबाई चहाचा शेवटचा घोट कधीच पीत नसत. कपात बोटभर चहा उरला की कप बशीत ठेवून द्यायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, आलं जास्त पडलं. दुसऱ्या दिवशी साखर कमी केली. तिसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं, "बाई, रोज माशी पडते का हो माझ्या चहात?"

"नाही गं, शूबा. शेवटचं काही संपवायचं नाही. सवय आहे."

माझं नाव शुभा. पण ज्या बाईनं वर्षानुवर्षं मुलांना स्पष्ट उच्चार शिकवले तिच्या तोंडी मी कायम शूबाच राहिले. त्या इंग्लिशमध्ये बोलायच्या, मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये, आणि अडलं की सरळ मराठीत. आमचं कधी काही अडलं नाही.

दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही चौथ्या मजल्यावर, त्या पाचव्या. रोज चारला चहाला यायच्या आणि पाचच्या ठोक्याला उठायच्या. मी दारात म्हणायचे, "बसा ना थोडा वेळ." त्यांना शब्द कळत नसले तरी अर्थ पाठ झाला होता. "यल्ला, शूबा," असं अरबीत 'चला' म्हणून त्या लिफ्टकडे निघायच्या. बाय म्हणायच्या नाहीत. आयर्लंडमधल्या बहिणीशी फोनवर बोलतानासुद्धा मध्येच फोन ठेवायच्या. ती बहीण बिचारी अजून हॅलो हॅलो करत असेल!

बिल्डिंगला वाटायचं, या शाळेतल्या रिटायर्ड मॅडम. ते खरंच होतं, पण त्याआधी त्या नटी होत्या. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी डब्लिनला पळाल्या. पळाल्या म्हणजे आईला सांगून, पेटी घेऊन, रेल्वेनं गेल्या. पण सांगताना पळाल्या असंच सांगायच्या. रंगभूमीवर राण्या केल्या, भिकारणी केल्या. सिनेमात मात्र पहिल्या अर्ध्या तासात मरायच्या. "सिनेमावाल्यांना माझा चेहरा मेल्यावर फार आवडायचा," म्हणायच्या. एकदा त्यांनी आमच्या सोफ्यावर विषानं, क्षयानं आणि बुडून असं तीन तऱ्हांनी मरून दाखवलं. तिसऱ्या वेळी नेमकी आमची ईशा कॉलेजातून आली आणि दारातच किंचाळली, "मॉम! कॉल अँब्युलन्स!" बाईंनी एक डोळा उघडला. "थँक यू, डार्लिंग." एवढी खरी दाद त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती.

नवरा इंजिनिअर. त्याच्यामागून त्या दुबईत आल्या. पुढे तो वारला आणि त्या इथंच राहिल्या, मुलांना नाटक शिकवत. स्वतः मात्र स्टेजवर परत उभ्या राहिल्या नाहीत.

मग रॉनी उगवला. हा आमचा वसईचा. दिवसा सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात कॉम्प्युटर, संध्याकाळी नाटकाचं वेड. त्यानं बाईंसाठी एकपात्री नाटक शोधून आणलं. बरीच वर्षं परदेशी असलेली मुलगी तासाभरासाठी घरी आलीय, आणि आई तिच्याशी बोलतेय. स्टेजवर आई आणि एक रिकामी खुर्ची. मुलगी जायला उठते, आई शेवटचं एक वाक्य म्हणते, पडदा.

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पाठांतर करताना अडकायला लागल्या. त्यात ते शेवटचं वाक्य! तालमीत त्या ते म्हणायच्याच नाहीत. तिथं आल्या की "टम टी टम" म्हणून हात झटकायच्या. त्यांच्याकडच्या नटांची जुनी समजूत आहे म्हणे, प्रयोगाआधी शेवटचं वाक्य म्हटलं की नाटक तिथंच संपतं.

"नॉट टिल द शो, डार्लिंग."

रॉनी माझ्याकडे आला. घामाघूम. "मावशी, बाई काल तीन वेळा अडकल्या. शेवटचं वाक्य त्यांना येतं की नाही हेच मला माहीत नाही. मी बाईंच्या जागी ऑफिसातल्या एका मुलीला तयार ठेवू का?"

"ठेवून तर बघ!" मी म्हटलं. बँकेत असताना आमच्या नाटकांना सात वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय मी. "विंगेत मी बसते."

त्या दिवशी बाई माझ्या स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "शूबा, हे एकदा नीट झालं की खलास. पण मधेच काढलं मला, तर मी कोण गं? वरच्या मजल्यावरची म्हातारी." मी उगाच कणीक तिंबत बसले.

अख्खं नाटक मी वहीत उतरवलं. इंग्लिश वाक्यं देवनागरीत, आणि जागा चुकू नये म्हणून प्रत्येक वाक्याखाली मराठी अर्थ. प्रयोग शनिवारी दुपारी. मी नारळ घेऊन गेले. आत सगळीकडे कार्पेट, मग पार्किंगमध्ये फोडला. बाईंनी खोबरं खाल्लं, कपाळाला बोट लावून कुंकू मागितलं. मेकअपवाली ओरडत राहिली.

प्रयोग काय रंगला म्हणून सांगू! दोनदा अडकल्या, दोनदा मी शब्द दिला, कुणाला पत्ता नाही. शेवट आला. बाई रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आणि गप्प.

किती वेळ गप्प, देव जाणे. समोरच्या विंगेत रॉनी डोक्याला हात लावून खाली बसला. वाक्य वहीत डोळ्यांसमोर होतं, पण सात वर्षांचा अनुभव ऐन वेळी माती खाऊन गेला आणि तोंडातून निघालं ते मराठी.

"बसा ना थोडा वेळ!"

वहीतसुद्धा 'बस' होतं हो! आई मुलीला म्हणतेय. मी त्यातही अहोजाहो घातलं.

बाईंची मान किंचित वळली. ओठ हलले, हसल्या की काय कळेना. मग खुर्चीकडे बघून, इतक्या हळू की सगळा हॉल पुढे वाकला, त्या म्हणाल्या, "सिट अ व्हाइल."

अंधार झाला. मग टाळ्या.

विंगेत आल्या तेव्हा मी रडकुंडीला आले होते. "सॉरी बाई, मी मराठीत..."

"मी विसरले नव्हते, शूबा." माझा हात त्यांनी घट्ट धरला. "मी डब्लिनला निघाले तेव्हा आई दारात हेच म्हणाली होती. गाडी चुकेल म्हणून मी बसले नाही. पुन्हा घरी गेले तेव्हा आई नव्हती. ते वाक्य मला म्हणवेना. मग तुझा आवाज आला. तू रोज म्हणतेस तसाच."

रॉनी आला आणि आम्हा दोघींना मिठी मारून भोकाड पसरून रडला.

रविवारी चारला बाई चहाला आल्या. पाच वाजले, उठल्या, दारापर्यंत गेल्या. मी सवयीनं म्हटलं, "बसा ना थोडा वेळ."

त्या वळल्या, परत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. बशीतला कप उचलला, उरलेला गार चहा एका दमात पिऊन टाकला. मग कपाच्या तळाशी बराच वेळ बघत राहिल्या.

"शूबा," त्या म्हणाल्या, "आलं फार घालतेस गं तू."