पासवर्डचे तीन तुकडे

आता सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही. ज्याला पहिल्या फटक्यात पटेल, त्याचीच मला काळजी वाटेल. पण माझा पाय हा असा टांगलेला, मास्तरांचं पोट शिवलेलं, आणि ड्रायव्हरसाहेबांची मान पट्ट्यात. म्हणजे उठून कुणी कुठे जाणार नाही. तेव्हा ऐका.

दोन भाऊ होते. थोरल्याचं कुलपांचं दुकान, धाकटा शिंपी. धाकट्याबद्दल फार सांगत नाही. देखणा होता, हातात कला होती, आणि स्मरणशक्ती अशी की एकदा माप घेतलं की गिऱ्हाईक मेलं तरी त्याचं माप विसरायचा नाही. पण गोष्ट थोरल्याची आहे. थोरल्याच्या घराच्या दाराला पाच कुलपं होती. एकच कुलूप लावणं म्हणजे चोराला बोलावणं धाडणं, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि दुर्दैवानं स्वतःही मानायचा. सकाळी दूध आणायला गेलेला माणूस पाचही कुलपं उघडून घरात शिरेपर्यंत पिशवीतल्या दुधाचं दही झालेलं असायचं.

या दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण एवढंसं. थोरल्यानं दुकानात एक नवं कुलूप मांडून पाटी लावली होती : 'किल्लीशिवाय उघडून दाखवा.' धाकटा सहज तिकडून चालला होता. त्यानं तोंडातली टाचणी काढली, कुलपात घातली, उघडलेलं कुलूप काउंटरवर ठेवलं आणि निघून गेला. समोर वीस गिऱ्हाइकं होती. थोरल्यानं पाटी काढली आणि भाऊही काढून टाकला.

तर या थोरल्याच्या घरी कॉम्प्युटर आला. एकदा त्यानं कुणा गिऱ्हाइकासाठी त्यावर एक जुन्या पद्धतीचं कुलूप शोधलं. झालं, दुसऱ्या दिवसापासून जिथे बघावं तिथे कुलपांच्या जाहिराती. बातम्या उघडल्या की कुलूप, हवामान उघडलं की कुलूप. चाळीस वर्षं कुलपं विकलेल्या माणसाला कुणीतरी 'तुमचं घर सुरक्षित आहे का?' असं विचारत होतं. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. थोरल्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. आपल्या खिडकीतून कुणीतरी आत बघतंय, असं त्यानं बायकोला सांगितलं आणि कामाला लागला.

ब्राउझरला जोडायची ती एक्स्टेन्शनं असतात ना, छोटी छोटी, त्यातलं पहिलं त्यानं जाहिराती अडवायला बसवलं. दुसरं, मागावर राहणाऱ्यांना चकवायला. तिसरं असं, की दर पाच मिनिटांनी आपण इथे आलो होतो याचा मागमूस पुसून टाकायचं. चौथं, वेबसाइटला आपण भलत्याच देशात आहोत असं भासवायचं. त्यामुळे हवामानाच्या पानावर गुडघाभर बर्फ दिसायला लागला आणि भर उन्हाळ्यात थोरल्याच्या बायकोनं स्वेटर काढून गच्चीत टाकले. पाचवं, परवानगीशिवाय पानावरचं काहीच हलू द्यायचं नाही. असं करत करत बावीस झाली. तेविसावं होतं पहारेकरी, बाकीच्या बाविसांवर नजर ठेवायला. एवढ्या सगळ्यांच्या चिन्हांनी पडदा वरून भरत आला आणि खाली वेबसाइटला उरली एक पट्टी, चारेक बोटं रुंद. थोरला तिच्यात पेपर वाचायचा, एका वेळी एक ओळ. हे मी पाहिलेलं आहे. म्हणजे, पाहणाऱ्यानं मला सांगितलेलं आहे.

मग पासवर्ड. घरातल्या सगळ्यांचे सगळे पासवर्ड त्यानं चाळीस चाळीस अक्षरांचे केले आणि कॉम्प्युटरातल्या एका तिजोरीत ठेवले. त्या तिजोरीचा एक मुख्य पासवर्ड असतो. बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, आपला तीन किल्ल्यांनी उघडेल, असं त्यानं जाहीर केलं. एक तुकडा त्याचा, एक बायकोचा. तिसऱ्या तुकड्यासाठी असा माणूस हवा होता, की ज्याच्याकडे थोरला मेला तरी मागायला जाणार नाही. असा माणूस जगात एकच होता.

बायकोनं धाकट्याला बोलावून आणलं. तो टाइप करेपर्यंत थोरला गॅलरीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धाकट्यानं असा काही तुकडा घातला, की तिन्ही लोकांत कुणाला सुचू नये. चहाही न घेता तो गेला.

आता खरी अडचण. थोरल्याला एकच मुलगी. नर्सिंग शिकून पास झालेली, आणि एका मोठ्या हॉस्पिटलात तिची निवड झाली होती. तिथल्या वेबसाइटवर जाऊन 'मान्य' असं बटण दाबायचं, बस. मुदत एक तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. पोरगी चार वर्षं या एका जागेसाठी झिजली होती. एक तारखेला दुपारी तीनला ती कॉम्प्युटरसमोर बसली, तर पान कोरं. पांढरं स्वच्छ.

"बघ," थोरला मागून अभिमानानं म्हणाला, "कुणाला आत शिरता येत नाही."

"मलाही येत नाहीये, बाबा."

तिनं पानाला हलू न देणारं एक्स्टेन्शन बंद केलं. त्याबरोबर पहारेकऱ्याला वाटलं, घरात दरोडा पडला. त्यानं एरवी उघडीच असणारी तिजोरी लावून घेतली. इकडे पान आलं, पण भलत्याच लिपीत, कारण हॉस्पिटलला वाटत होतं पोरगी परदेशात आहे. ते भासवणारंही तिनं बंद केलं. मग वेबसाइटनं विचारलं, तुम्ही माणूस आहात ना? असाल तर कुलूप असलेले चौकोन निवडा.

थोरल्यानं मुलीला खुर्चीवरून उठवलं. कुलपाचा प्रश्न होता, तिथे पोरीचं काय काम. तो चष्मा लावून बसला आणि एकेक चौकोन तपासायला लागला. हे कुलूप नव्हे, ही नुसती कडी. हा कोयंडा. ही सायकलची साखळी, हिला कुलूप म्हणणाऱ्याच्या तोंडाला कुलूप घाला. हे कुलूप आहे, पण आतून गंजलेलं, चालणार नाही, म्हणजे कुलपात धरता येणार नाही. नऊ चौकोनांतला त्यानं एकच निवडला. वेबसाइटनं त्याला यंत्र ठरवलं. त्यानं पुन्हा केलं. सहा वेळा केलं, सहाही वेळा यंत्र. शेवटी बायकोनं पदराला हात पुसले, कुलपासारखं दिसेल ते सगळं टिचक्या मारत निवडलं आणि पहिल्या झटक्यात माणूस ठरली.

पुढच्या पानावर पासवर्ड मागितला. तो तिजोरीत. पासवर्ड विसरलात का, असं तिथे बटण असतं, ते पोरीनं दाबलं. नवा पासवर्ड मेलवर येणार. आणि मेलचा पासवर्डही तिजोरीत. तिनं फोन काढला, फोनवर मेल उघडी असणार. पण थोरला दर महिन्याच्या एक तारखेला दुकानातल्या सगळ्या कुलपांना तेल घालायचा आणि घरातले सगळे पासवर्ड बदलायचा. त्या दिवशी सकाळीच त्यानं मेल सगळीकडून बंद केली होती. हॉस्पिटलात फोन लावला, तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, की इथून काही करता येत नाही, सगळं वेबसाइटवरूनच.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पोरगी रडली नाही, चिडलीही नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती बापाकडे नुसती बघत राहिली. थोरल्याला तेवढं पुरलं.

"जा," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "त्याला बोलाव."

ड्रायव्हरसाहेब, हसू नका, मान दुखेल. धाकट्याचं दुकान बाजाराच्या पार त्या टोकाला. पोरगी धावत पोचली तेव्हा तो एका फौजदाराच्या नव्या कोटाला टाचण्या लावत होता. तिनं धापा टाकत सांगितलं आणि धाकट्यानं एक प्रश्न विचारला नाही. टेप गळ्यात, टाचण्या तोंडात, तसाच निघाला. पण अर्ध्या टाचण्यांनी कोट धाकट्याच्या बाहीलाही जोडला गेला होता, त्यामुळे फौजदार मागोमाग. एका हाताला बाही, एक हात उघडा. पोलीस धावताना दिसला म्हणून सिग्नलवरच्या गाड्या थांबल्या. गाड्या थांबल्या म्हणून दुकानदारांनी शटर खाली ओढली. पाऊण बाजार बंद करून ही वरात थोरल्याच्या दाराशी पोचली तेव्हा पाचला अठरा मिनिटं कमी होती.

आणि दाराला पाच कुलपं. घाबरलेल्या माणसाची सवय जात नाही. पोरगी बाहेर पडताच थोरल्यानं पाचही लावून घेतली होती. बेल वाजली तसा तो आतून किल्ल्या फिरवायला लागला. बाहेरून धाकट्याला धीर कुठला. त्यानं टाचणी घातली. एकानं आतून उघडलेलं दुसरा बाहेरून लावत होता, आणि बाहेरच्यानं उघडलेलं आतला लावत होता. दोघेही हाताचे पक्के, त्यामुळे कुणीच कुणाला ऐकेना. चौथं कुलूप तर एकटंच अकरा वेळा उघडलं आणि लागलं.

बोलायची सोय नव्हती. थोरला आतून बायकोला म्हणाला, "त्याला सांग, हात काढ."

धाकटा बाहेरून म्हणाला, "वहिनी, दादाला सांगा, किल्ली काढ."

वहिनी जागची हलू शकत नव्हती. सगळा मागमूस पुसणाऱ्या त्या एक्स्टेन्शनमुळे वेबसाइट दर पाच मिनिटांनी तिला विसरत होती, आणि ती बिचारी पुन्हा पुन्हा आपण माणूस असल्याचं सिद्ध करत बसली होती. तिथूनच ती ओरडली, "माझं माणूसपण जातंय इथे. दोघांपैकी एकानं गप्प उभं राहा."

दोघेही गप्प उभे राहिले. त्यानंही दार उघडेना. शेवटी फौजदारानं एका बाहीनिशी दारावर थाप मारली आणि सरकारी आवाजात फर्मावलं, की आतल्यानं उघडावं आणि बाहेरच्यानं खिशात हात घालावे.

दार उघडलं. पाचला सहा मिनिटं होती. थोरल्यानं आपला तुकडा टाइप केला आणि उठला. बायकोनं आपला केला. मग धाकटा बसला. मास्तर, तो क्षण बघायला हवा होतात. पोरगी नखं खातेय. फौजदारानं श्वास रोखून धरल्यानं कोटाच्या दोन टाचण्या उडाल्या. आणि धाकट्यानं, जरासुद्धा न अडखळता, डोळे मिटून, एका बोटानं, एका दमात आपला तुकडा घातला. सांगितलं ना, स्मरणशक्ती. तिजोरी उघडली. पोरीनं पासवर्ड उचलला, आत शिरली, 'मान्य' दाबलं. पाचला दोन मिनिटं होती.

पोरगी आईच्या गळ्यात पडली. थोरला काहीतरी म्हणायच्या बेतात होता. पण धाकटा मोठा मानी. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. टेप नीट केला, फौजदाराला बाहीला धरलं आणि ताठ मानेनं पायऱ्या उतरून गेला. एक शब्द बोलला नाही भावाशी. त्या दिवशी नाही, आणि आजतागायत...

"आजतागायत?" माझ्या उशाशी आवाज आला. सिस्टर कधीची येऊन उभी होती कुणास ठाऊक. तिनं माझा हात उचलून रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. "काका, बाबा खाली तुमचा डबा घेऊन उभे आहेत. आणि न अडखळता काय? तुम्हाला तुमचा तुकडा आठवतच नव्हता. दोनदा चुकलात, आईला म्हणालात, वहिनी, मी पोरीचं वाटोळं केलं. तेव्हा बाबांनी येऊन तुमच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तुमचा तुकडा तुमच्याच कानात सांगून म्हणाले, गाढवा, शाळेच्या पाटीपासून तू 'दादा'शिवाय दुसरं काही लिहिलंयस का कधी?"