रकाना क्रमांक चौदा

माणूस कुठून आला हे जन्मदाखला सांगतो आणि शेवटी कुठे जाणार हे धर्मग्रंथ सांगतात. मधल्या काळात त्याने कुठे जायचे, हे मात्र पुनर्वसन केंद्राच्या अर्जातला रकाना क्रमांक चौदा ठरवतो. ‘येथून कोठे?’ एवढाच त्यात प्रश्न.

केंद्राची आकडेवारी अभिमान वाटावा अशी होती. मणक्याला मार लागून आलेल्या दर शंभर रुग्णांपैकी एकोणऐंशी घरी जात, बारा नातेवाइकांकडे, आठ एखाद्या संस्थेत आणि एक ‘इतर’मध्ये. (त्या एकाचा शोध चालू होता.)

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला त्या एकोणऐंशीत बसायचे होते. ‘सावकाश जा’ ही पाटी रंगवताना तो शिडीवरून एकदम खाली आला, त्याला पाच महिने झाले होते. पाय आता त्याचे ऐकत नव्हते. पण हातांनी पायांची बरीचशी कामे आपसात वाटून घेतली होती. खुर्ची वळवणे, खुर्चीतून पलंगावर सरकणे, विजार चढवणे, सगळे जमत होते. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणत, “पेंटरदादा, तुम्हाला शिकवायला माझ्याकडे आता काही उरलं नाही. जा बघू घरी.”

घर म्हटले की पेंटरच्या डोळ्यांपुढे पलंगावरच्या छतातला ओलीचा डाग येई. हुबेहूब बदक. बायको सात वर्षे म्हणत होती, रंग मारा. आणि तो सात वर्षे बदकाकडे बघत झोपी जात होता. केंद्राचे छत पांढरेशुभ्र. त्यावर नजरेला टेकायला जागा नव्हती.

त्याने चौदाव्या रकान्यात वळणदार अक्षरांत लिहिले: घरी. (अक्षरांना सावलीही दिली.)

नियमानुसार मोजणी कारकून टेप घेऊन घर पाहायला गेला. खुर्ची सव्वीस इंच रुंद, पुढचे दार चोवीस, बाथरूमचे एकवीस, उंबरठा सात इंच उंच. केंद्रात छापील नमुना एकच होता, रुग्णतपासणीचा. कारकुनाने निष्ठेने तोच भरला.

‘रुग्णाचे नाव: घर. वय: एकतीस. तक्रार: दार उघडते, पण पुरेसे नाही. हालचाल: शून्य. उंबरठ्याखाली टाचणी टोचून पाहिली. संवेदना आढळली नाही.’

निदान उघड होते. पेंटर ठणठणीत होता. अंथरूण धरले होते ते घराने.

“आधी घर बरं होऊ दे, मग तुम्ही जा,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“किती दिवस लागतील, साहेब?”

“रांग आहे. तुमच्या घराआधी दोन शाळा, एक पोस्ट आणि एक कोर्ट आहे. कोर्टाला बावीस पायऱ्या. बिचारं गंभीर आहे.”

तोवर घराला व्यायाम सुरू झाला. बाई आठवड्यातून दोनदा जाऊन दार पंचवीस वेळा उघडत आणि मिटत. (‘बिजागऱ्या कुरकुरतात. जीव आहे.’) जड कपाटे पथ्यात बसत नाहीत म्हणून बाहेर काढली गेली.

रविवारी बायको भेटायला आली. “अहो, शेजारीपाजारी घराची तब्येत विचारतात. मी सांगते, कालपासून एक खिडकी उघडझाप करतेय.”

“आणि बदक?”

“त्याला पिल्लू झालंय. गळती वाढली.”

पिल्लू झाले आणि आपण तिथे नव्हतो, हे पेंटरला शिडीपेक्षा जोरात लागले.

बायकोने तो चेहरा पाहिला आणि ती थेट भावाकडे गेली. तिचा भाऊ गवंडी. या प्रकरणात त्याला आजवर ‘जेवून जाणार का’ याखेरीज कोणी काही विचारले नव्हते. सोमवारी त्याने उंबरठा फोडला, मंगळवारी दोन्ही दारे रुंद केली, बुधवारी अंगणापासून उतार घातला.

“ताई, एवढंच होतं होय? मला वाटलं दवाखान्याचं काम, शिकलेली माणसं बघतील.”

केंद्रात खळबळ उडाली. रुग्णाने बाहेरच्या इसमाकडून परस्पर शस्त्रक्रिया करून घेतली होती. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध बरे झाले’ असा शेरा मारून घराचे नाव कमी करण्यात आले, आणि घरच यादीत नाही म्हटल्यावर पेंटरलाही सोडावे लागले. अशा घरी जाणाऱ्यांसाठी अर्जात सोय नसल्याने त्याची नोंद ‘इतर’मध्ये झाली. (शोध घेणारे आता दोघांना शोधतात.)

पेंटर आपल्या पलंगावर आडवा झाला. वर बदक, बदकामागे पिल्लू. बायकोने रंगाचा डबा उशाशी आणून ठेवला.

“आता तरी?”

“पिल्लू मोठं होऊ दे की गं.”

मोजणी कारकुनाकडे मात्र छापील नमुन्यांचा गठ्ठा उरला. कागद वाया घालवणे त्याच्या स्वभावात नाही, म्हणून तो आता घरोघर फिरतो. परवा तुमच्याकडेही आला होता. तुम्ही दारातूनच ‘आमच्याकडे कुणी तसं नाही हो’ म्हणालात. तेवढ्यात त्याने दार मोजून घेतले. तुमची फाईल उघडली आहे. मोजमापे नेहमीचीच. टाचणी त्याने या वेळी घरमालकाला टोचून पाहिली.

संवेदना आढळली नाही.