विक्रीला नसलेली कानटोपी

छापखानेवाल्यांनी कानटोपी काढली ती फक्त एका फोटोपुरती. दुकानातल्या उंच आरशासमोर त्यांनी ती डोक्यावरून उपसली आणि कोटाच्या खिशात कोंबली, तर गालगुंड झाल्यासारखा कोट एका बाजूने फुगला. पिशवी बायकोकडे होती आणि बायको आपल्या धाकट्या भावाला घेऊन वरच्या मजल्यावर हातमोजे बघायला गेली होती. शेवटी इकडेतिकडे पाहून त्यांनी टोपी भिंतीवरच्या टोप्यांच्या रांगेत, अगदी कडेच्या खुंटीवर अडकवली. टोप्यांमध्ये टोपी कोणाच्या नजरेत भरणार? उभा जन्म धंद्यात गेलेल्या माणसाला, दुकानात टांगलेली वस्तू विकली जाते एवढी साधी गोष्ट सुचली नाही. परदेशातल्या थंडीत डोकं उघडं पडलं की असं होतं.

ते आले होते छपाईचं यंत्र घ्यायला. घासाघीस कालच संपली होती, विमान उद्या संध्याकाळचं होतं आणि मधला हा एक दिवस हिंडायला मोकळा होता. नव्या यंत्राच्या उद्घाटनाची पत्रिका त्यांच्या डोक्यात छापूनही झाली होती: वर मालकाचा फोटो, मालकाच्या मागे बर्फाने माखलेला घड्याळाचा मनोरा. मेहुण्याने सकाळपासून ढीगभर फोटो काढले होते, पण प्रत्येकात मालकाच्या डोक्यावर ती टोपी होती.

ती टोपी म्हणजे एक प्रकरणच होतं. मोहरीच्या रंगात मध्येच जांभळा पट्टा, मध्येच हिरवा, कारण घरातले उरलेसुरले लोकरीचे सगळे गुंडे तिच्यात खपवले होते. डावा कान जबड्यापाशी संपत होता, आणि उजवा कॉलरपर्यंत उतरून पुढे काय आहे याची चौकशी करत होता. पहिला फोटो घरच्या ग्रुपवर पडल्या पडल्या एका भाच्याने विचारलं होतं, बँक लुटून झाली का? छापखानेवाल्यांच्या सख्ख्या बहिणीने तर नुसते हसरे चेहरे पाठवले होते, एकामागोमाग एक. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःच मुद्रणदोष होऊन मिरवणं जड जात होतं.

पण बोलायची सोय नव्हती. गेल्या वर्षी बायको न्हाणीघरात घसरली आणि डाव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात, चहाचा कप धरता येईना. विणकाम करा, त्याने बोटं सुटतील, असं डॉक्टर म्हणाले. सुया कितीतरी महिने कपाटावर धूळ खात पडल्या आणि मग एक दिवस तिने स्वतःच स्टूल लावून खाली काढल्या. त्या हातातून उतरलेली पहिली वस्तू म्हणजे ही टोपी. नवऱ्याने ती पहिल्यांदा डोक्यावर चढवली तेव्हा, तान्हं मूल पहिलं पाऊल टाकताना बघावं तशी ती बघत राहिली होती. त्या नजरेपुढे कोणाची छाती होती टोपी काढायची?

तर, फोटो झकास आला. वाटेतल्या एका बाईंना फोन देऊन, केसांवरून कंगवा फिरवून, हनुवटी वर करून छापखानेवाले मनोऱ्यापुढे उभे राहिले. बाईंनी मनोरा कापला नाही आणि मालकही कापला नाही. समाधानाने ते दुकानात परतले. कडेची खुंटी रिकामी होती.

काउंटरवरच्या मुलीसमोर त्यांनी फोनमधला दुभाषी धरला. मुलीने मनापासून हळहळत काहीतरी सांगितलं आणि फोन भसाड्या आवाजात म्हणाला की ती टोपी आता नाही, तशी एकच होती, किमतीची चिठ्ठी सापडली नाही म्हणून अंदाजाने लावली. जीव टांगणीला लागलेला असतानाही कितीला गेली हे छापखानेवाल्यांनी विचारून घेतलं. आकडा ऐकून त्यांनी भिंतीवरच्या बाकीच्या चिठ्ठ्या वाचल्या. दुकानातल्या यंत्रावर विणलेल्या टोप्यांची किंमत त्या आकड्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. ती माझी होती, विकायची नव्हती, हे फोनने कसंबसं मुलीच्या गळी उतरवलं तेव्हा तिचा चेहरा पडला. ती गल्ल्याकडे धावली. ते म्हणाले, पैसे नकोत, माणूस दाखवा. मुलीने काचेतून चौकाकडे बोट केलं. उंच आजोबा, सोबत कुत्रा.

तेवढ्यात मेहुणा जिना उतरून आला. त्याला विश्वासात घेण्यावाचून इलाज नव्हता. सगळं ऐकून त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो मनोरा पाहूनही पसरला नव्हता.

"भावोजी, ताईने विणलेली टोपी तुम्ही विकलीत?"

"विकली नाही रे, विकली गेली."

"हा फरक तिला तुम्हीच समजावून सांगा."

पण भाऊ झाला तरी पुरुषच. टोपी मिळेपर्यंत ताईला वर थोपवून धरायचं त्याने कबूल केलं आणि छापखानेवाले बोडक्या डोक्याने बर्फात पळाले.

खोटं बोलायचंच तर ऐकणारा जागीच बसून राहील असं काहीतरी बोलावं. मेहुण्याने सांगितलं, भावोजींचं पोट बिघडलंय. ताईने घेतलेलं सामान पिशवीत टाकलं आणि औषधाचं दुकान शोधायला ती तडक बाहेर पडली. औषधाचं दुकान चौकाच्या पलीकडे होतं. मेहुणा मागून, "ताई, तेवढं नाही गं बिघडलेलं," म्हणत धावत होता.

चौकात गरम कॉफीच्या टपरीपुढे रांग होती आणि रांगेच्या डोक्यावरून मोहरीचा रंग लांबूनच ओळखू येत होता. आजोबा चांगले उंचेपुरे होते. त्यांच्या डोक्यावर ती टोपी एखाद्या संस्थानिकाच्या पगडीसारखी शोभत होती, आणि हे पाहून छापखानेवाल्यांना आणखीच वाईट वाटलं. त्यांनी आधी टोपीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. आजोबांनी आभार मानले. छापखानेवाल्यांनी पाकीट काढलं. आजोबांना वाटलं, हा पाहुणा आपल्याला कॉफी पाजतोय, आणि त्यांनी आनंदाने मोठा कप सांगितला. कॉफीचे पैसे गेले, टोपी तिथेच. शेवटी फोन काढायचंही भान न राहून छापखानेवाल्यांनी हात वर नेला आणि टोपीचा गोंडा धरला. आजोबांच्या पायाशी एक लहानसं, आखूड केसांचं कुत्रं कुडकुडत होतं, ते कुडकुडायचं थांबून भुंकायला लागलं. सगळी रांग वळून बघू लागली.

"अहो."

त्या एका शब्दात संसाराची सगळी वर्षं होती. छापखानेवाल्यांनी गोंडा सोडला.

"तुमचं पोट?"

"बरं आहे."

"आणि ही टोपी?"

मग त्यांनी सांगून टाकलं. पत्रिकेचा फोटो, आरसा, खुंटी, काही मागे ठेवलं नाही.

"मला लाज वाटत होती," ते म्हणाले. "टोपीची नाही. म्हणजे... टोपीचीच."

मेहुणा मनोऱ्याकडे बघू लागला, जणू तो आत्ताच बांधून झाला होता. बायकोने नवऱ्याच्या खिशातला फोन काढला आणि त्यातल्या दुभाष्याला आजोबांना विचारायला लावलं, दुकानात एवढ्या टोप्या असताना हीच का घेतली?

आजोबांनी टोपी हळूच काढली आणि उजव्या कानामागून मानेपर्यंत बोट ओढून दाखवलं. वाऱ्याची झुळूक लागली की तिथे कळ येते, वर्षानुवर्षं येते. मग टोपीची लांब बाजू त्यांनी त्याच रेषेवर धरली. फोन म्हणाला, "बाकीच्या टोप्या कानाशी थांबतात. ही थांबत नाही."

बायको टोपीकडे पाहत राहिली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "उजवी बाजू घेतली तेव्हा बोटं पहिल्यांदा आपली आपण चालायला लागली. थांबले तर पुन्हा आखडतील अशी भीती वाटायची. म्हणून विणतच गेले. लांब होतेय हे काय मला दिसत नव्हतं?"

"मग थोडी उसवून..."

"उसवायची नव्हती मला."

इतक्या फोटोंत छापखानेवाल्यांनी ती टोपी पाहिली होती, पण वाचली आजच.

ही विणणारी बाई कोण हे मेहुण्याने फोनमार्फत सांगितलं, आणि टोपी विकायची नव्हती हेही सांगितलं. आजोबांचा चेहरा बदलला. त्यांनी टोपी दोन्ही हातांनी पुढे केली, द्यायची नसताना देतात तशी. तिने ती घेतली, झटकली, टाचा उंचावून पुन्हा त्यांच्याच डोक्यावर चढवली आणि उजवी बाजू कॉलरमध्ये नीट खोचून दिली. मग भावाला म्हणाली, त्या मुलीकडचे पैसे घेऊन ये. लोकरीचं दुकान कुठे आहे तेही विचार. माझ्या हातची वस्तू आजवर कोणी विकत घेतली नव्हती.

आणि तिने पिशवीतून एक पुडकं काढून नवऱ्याच्या हातात ठेवलं. आत एक काळी, सरळ, सभ्य टोपी होती, दोन्ही कान सारखे.

"सकाळपासून फोटोत तोंड पाडून उभे राहताय. म्हटलं एक दुकानची घ्यावी. तेवढंच तर बघायला वर गेले होते, हातमोजे कसले."

छापखानेवाल्यांनी ती घातली आणि औषधाच्या दुकानाच्या काचेत पाहिलं. काचेतला माणूस कोणीही असू शकला असता. त्यांनी काळी टोपी काढून हातात धरली.

"मला तुझ्या हातची हवी," ते म्हणाले. "एक बाजू लांब असलेली."

एवढ्यात आजोबांनी फोनमध्ये काहीतरी संकोचत विचारलं आणि खाली बोट दाखवलं. बायको लगेच बर्फात उकिडवी बसली. डाव्या हाताची वीत तिने कुत्र्याच्या डोक्यावर या कानापासून त्या कानापर्यंत पसरली, मिटली, पुन्हा पसरली. बोटं कुठेही अडकली नाहीत. शिंप्यापुढे माप द्यायला उभं राहावं तसं कुत्रं निमूट उभं होतं.

"उद्या दुपारपर्यंत होईल," ती म्हणाली. "विमान संध्याकाळी आहे."

"आणि माझी?"

"तुमचा नंबर ह्याच्यानंतर."

कुत्र्याने मान वर करून छापखानेवाल्यांकडे पाहिलं आणि शेपूट हलवून आपला नंबर पक्का केला.